पसारा आणि अडगळ : घर आवरण्याच्या सवयींचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन परिचितांचे फोन आले. घर आवरण्यात इतिहास कसला, असा त्यांचा प्रश्न. एकजण तर म्हणाले, "लढाया आणि तह सोडून तुम्ही आता केरसुणी हातात घेतलीत होय?" घेतली खरी. पण इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या माणसाचं केरसुणीशी जुनं भांडण असतं. माझंही आहे. तिथूनच सुरुवात करतो.

मी बारा वर्षांचा होतो. सातारा जिल्ह्यात आमचं जुनं कौलारू घर होतं. दिवाळी जवळ आलेली, साफसफाई चाललेली. माळ्यावरून एक गाठोडं खाली आलं. जाड तांबड्या कापडात बांधलेलं. सोडून पाहिलं तर आत मोडीतले कागद. आजोबा जाऊन चार वर्षं झाली होती आणि घरात मोडी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. कागदांना कसर लागलेली, वास येत होता. आईनं विचारलं, "हे ठेवायचंय का कुणाला?" कोणीच काही बोललं नाही. मग ते गाठोडं मी सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि रद्दीच्या दुकानात नेलं. साडेतीन किलो भरलं. आलेल्या पैशात लवंगी फटाक्यांच्या माळा घेतल्या आणि खुशीत घरी आलो.

पुढे पुण्यात शिकायला आल्यावर मी मोडी शिकलो. पहिला कागद जेव्हा सलग वाचता आला, तेव्हा आनंद झाला आणि पाठोपाठ ते गाठोडं आठवलं. त्यात काय होतं हे मला आता कधीच कळणार नाही. बहुतेक उसनवारीच्या नोंदी असतील, धान्याचे हिशेब असतील, एखाद्या लग्नाची यादी असेल. राजकारण वगैरे काही नसेल. पण गंमत बघा, गेली तीस वर्षं मी अभ्यास करतोय तो नेमका अशाच कागदांचा. घरात काय होतं, कुठे ठेवत, किती दिवस ठेवत आणि नंतर त्याचं काय करत.

त्यामुळे आज मी दोन्ही बाजूंनी बोलणार आहे. घर मोकळं असलं पाहिजे, हे मला पूर्ण पटतं. आणि घर मोकळं करताना काय जातं, तेही मला माहीत आहे.

दोन शब्दांतला फरक

आपल्या भाषेत या विषयाचे दोन शब्द आहेत आणि आपण ते सरमिसळ वापरतो. एक पसारा, दुसरा अडगळ. पसारा म्हणजे पसरलेलं. वापरातली वस्तू, पण तिच्या जागी नाही. मुलांची वह्या-पुस्तकं, खुर्चीवरचे कपडे, ओट्यावरची भांडी. अडगळ म्हणजे वापरातून गेलेली, पण घरातून न गेलेली वस्तू. फुटलेली बादली, बंद पडलेला मिक्सर, कोणाचा तरी जुना पाळणा. भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू' कादंबरीच्या नावात हा शब्द आहे आणि तिथे त्याला 'समृद्ध' हे विशेषण जोडलंय. म्हणजे या शब्दात नुसता तिटकारा नाही, हे लक्षात घ्या.

हा फरक एवढ्यासाठी सांगतोय की दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पसारा रोज होतो आणि रोज आवरावा लागतो. अडगळ वर्षानुवर्षं साचते आणि तिला वर्षातून एकदा हात घालावा लागतो. रविवारी सकाळी कंबर कसून आपण अडगळीला भिडतो, दुपारपर्यंत घरभर पसारा करतो आणि संध्याकाळी दमून सगळं परत आत कोंबतो. हसू नका, तुमच्याकडेही हेच होतं. जुन्या घरांमध्ये ही दोन कामं वेगवेगळ्या वेळी होत. आणि मुख्य म्हणजे ती कोणाच्या शिस्तीवर सोडलेली नव्हती. घराचं बांधकामच ती करवून घेत असे. कसं, ते सांगतो.

जमीन आणि छप्पर

आधी जमीन. शेणामातीची जमीन दर काही दिवसांनी सारवावी लागते. नाहीतर ती उकरते, पोपडे सुटतात, धूळ होते. सारवायचं म्हणजे काय? तर जमिनीवर असलेली प्रत्येक वस्तू आधी उचलायची. केर काढायचा, सारवायचं, सुकेपर्यंत थांबायचं. हे आठवड्यातून एकदा आणि सणावाराला करायचं म्हटलं, तर जमिनीवर वस्तू ठेवणं परवडणारच नाही. म्हणून जुन्या घरात जमिनीपासून वर ठेवण्याच्या किती जागा होत्या पाहा. खुंटी, दांडी, फळी, कोनाडा, फडताळ, शिंकं, माळा. सूप खुंटीला, कपडे दांडीवर, दूध-दही शिंक्यात, दिवा कोनाड्यात, पोथ्या फडताळात. जमिनीला धरून राहायचं ते जातं, उखळ आणि कोपऱ्यातली उतरंड. बाकी सगळं अधांतरी.

माणसांचं सामानही उचलण्याजोगंच होतं. रात्रीची अंथरुणं सकाळी गुंडाळून वळकट्या कोपऱ्यात जात. जेवणं झाली की पाट भिंतीला उभे राहत आणि त्या जागेला शेणगोळा लावला जाई. म्हणजे एकाच खोलीत रात्री झोपायचं, सकाळी जेवायचं, दुपारी धान्य निवडायचं. प्रत्येक काम संपलं की त्याच्या खुणा पुसायच्या, कारण पुढच्या कामाला तीच जागा लागणार. 'मागचं आवरणं' असा आपल्याकडे सुंदर शब्दप्रयोग आहे. जेवणानंतरच्या कामाला आजही घरोघरी तो वापरतात. जेवण हे काम जेवून संपत नाही, मागचं आवरून संपतं, हा त्याचा अर्थ.

दिवसाला आणखी एक कुंपण होतं. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, लक्ष्मी जाते. माझी आजी याचं कारण साधं सांगायची. अंधारात सोन्याचा मणी केरात गेला तर दिसणार आहे का? कारण काहीही असो, परिणाम असा की तिन्हीसांजेच्या आत घर आवरून व्हायचं. दिवसाच्या शेवटी एक ठरलेली वेळ होती आणि ती घड्याळावर नाही, उजेडावर ठरत होती.

आता छप्पर. हा भाग फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. नळीच्या कौलांचं छप्पर दर वर्षी पावसाळ्याआधी परतावं लागे. वाऱ्यानं कौलं सरकतात, मांजरं फिरतात, माकडं नाचतात, काही कौलं फुटतात. या कामाला शाकारणी म्हणतात. गवताचं छप्पर असेल तर गवत नवं घालायचं. वरून कौलं काढली की माळ्यावर ऊन पडतं, कचरा पडतो. म्हणजे माळ्यावरचं सामान हलवणं आलंच. खाली उतरवायचं, झटकायचं, काय कुजलं काय टिकलं ते बघायचं आणि हवं तेवढं परत चढवायचं. शाकारणी हा छपराचा विषय होता, पण वर्षातून एकदा घरातल्या अडगळीची मोजदाद आपोआप होऊन जायची.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगलोरी कौलं आली. ती एकमेकांत बसतात, दर वर्षी परतावी लागत नाहीत. नंतर सिमेंटचा स्लॅब आला आणि शाकारणीच संपली. जमिनीचंही तेच. शहाबादी फरशी आली, मग मोझेक टाइल्स आल्या. फरशी पुसताना आपण खुर्चीच्या पायांच्या अवतीभवती फडकं फिरवतो, खुर्ची उचलत नाही. आता फरशी आणि स्लॅब वाईट आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. सारवणाऱ्या बाईला विचारा, फरशी आली त्या दिवशी तिला किती बरं वाटलं असेल! मला एवढंच सांगायचंय की दोन कामं गेली आणि त्यांच्यासोबत घर रिकामं करण्याची दोन निमित्तं गेली. त्यांच्या जागी दुसरं काही आलं नाही.

वस्तू जायची कुठे?

तिसरी गोष्ट दाराची. वस्तू घरात यायला दार असतं, तसं जायलाही लागतं. जुन्या घराला अशी पुष्कळ दारं होती.

लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, नाहीतर वाकळ. गोधडी विरली की पोतेरं. धोतराच्या फाटक्या भागाच्या चिंध्या, वाती. तांब्या-पितळेचं भांडं चेपलं, फुटलं की मोडीत जायचं. पुण्यातल्या कसबा पेठेजवळची तांबट आळी आजही आहे. तांबट जुनी मोड वजनावर घ्यायचे आणि नवं भांडं द्यायचे, वर घडणावळ. मोडकं लाकूड होळीला किंवा चुलीला. गावात जाळायचं ते जळत होतं, कुजायचं ते उकिरड्यावर कुजून शेतात जात होतं. आणि मग दारावर यायची बोहारीण. जुने कपडे घेऊन भांडी देणारी. तिची आणि गृहिणीची घासाघीस ज्यांनी ऐकली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. एका पातेल्यासाठी तीन साड्या, एक पँट आणि वर एक शर्ट, आणि तरी दोघीही आपण फसलो असंच म्हणणार.

या सगळ्याला सणांचं वेळापत्रक होतं. पावसाआधी बेगमी, म्हणजे डाळी, पापड, लोणची, सरपण यांना जागा करणं आणि त्यासाठी जुनं संपवणं. घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरूण-पांघरुणं नदीवर, विहिरीवर धुवायची. गावाकडे आजही नवरात्राआधी हे दृश्य दिसतं. खंडेनवमीला हत्यारं, अवजारं घासून-पुसून पूजेला मांडायची. म्हणजे कोणतं अवजार मोडलंय, कोणतं हरवलंय, याचा पत्ता लागायचा. दिवाळीआधी रंगसफेदी. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी. सहा महिन्यांत चार वेळा घर वेगवेगळ्या बाजूंनी तपासलं जायचं. एकाच दिवशी सगळं करायचं, असं त्यात नव्हतं.

आणखी एक गोष्ट. तेव्हाची वस्तू मालकाकडून काम मागत असे. पितळेचं भांडं चिंचेनं घासा, त्याला कल्हई लावा. कंदिलाची काच रोज पुसा. लोकरीला ऊन दाखवा, धान्याला ऊन दाखवा, पुस्तकांना ऊन दाखवा. ज्या वस्तूची एवढी उस्तवार करावी लागते, ती माणूस उगाच घरात ठेवत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत स्टेनलेस स्टील घराघरात आलं. मग प्लॅस्टिक आलं. त्यांना कल्हई नको, ऊन नको, काहीच नको. ती नुसती पडून राहतात. माझी आई गेली तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात आम्हाला प्लॅस्टिकचे ६३ डबे मिळाले. आइस्क्रीमचे, मिठाईचे, श्रीखंडाचे. प्रत्येक स्वच्छ धुतलेला आणि त्याच्यावर त्याचंच झाकण! जिनं आयुष्यभर एकही पातेलं मोडीत घातल्याशिवाय दुसरं घेतलं नाही, तिला हा डबा कोणत्या दारानं बाहेर घालवायचा, ते कोणी सांगितलंच नव्हतं.

आवरण्याची जबरदस्ती

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल, वा, काय सुंदर व्यवस्था होती. म्हणून आता तिची दुसरी बाजू.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. ते मूळचे गोव्याचे. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारनं साथरोगांचा कायदा केला. पुण्यात वॉल्टर रँड प्लेगचे अधिकारी झाले आणि गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या घरात शिरून तपासणी करू लागल्या. सामान बाहेर काढलं गेलं, काही जाळलं गेलं, भिंतींना चुना फासला गेला, जमिनी उकरल्या गेल्या. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण त्यामागच्या संतापात देवघर आणि माजघर यांचा वाटा केवढा होता, तेही पाहिलं पाहिजे. साथ खरी होती, स्वच्छतेची गरजही खरी होती. परंतु घरातलं काय ठेवायचं आणि काय जाळायचं, हे परका माणूस बूट घालून येऊन ठरवत होता. दुसऱ्याचं घर आपण आवरू लागलो की काय होतं, याचं हे फार मोठं उदाहरण. छोटी उदाहरणं आपल्या घरात घडतातच. मुलगा परदेशातून येतो, दोन दिवसांत आई-वडिलांचं कपाट रिकामं करतो, आणि तो गेल्यावर म्हातारी माणसं महिनाभर काहीतरी शोधत बसतात.

प्लेगमधूनच मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला. खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात एक कुटुंब, शिवाय गावाकडून आलेला भाऊ, भाचा. गिरणीतल्या पाळ्यांप्रमाणे झोपायच्याही पाळ्या. तिथे जुन्या घराचे नियम वेगळ्या रूपात टिकले. माणशी एक पत्र्याची ट्रंक. भिंतभर फळ्या आणि त्यांवर ओळीनं लावलेली भांडी. खाटेखाली अंथरुणं. पोटमाळा. आणि जे मावत नाही त्याला एक हुकमी दार होतं, ते म्हणजे गाव. गणपतीला, शिमग्याला गावी जाताना जुनं सामान एसटीच्या टपावर चढायचं. मुंबईची अडगळ कोकणातल्या, घाटावरच्या घरात जाऊन बसायची. आज त्या गावच्या घरांची कुलपं उघडून पाहा. तीन पिढ्यांच्या मुंबईतल्या वस्तू तिथे सापडतात.

आता याच चाळींचा पुनर्विकास होतोय आणि तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. त्यांच्या हक्काचं आहे, त्याचा आनंदच आहे. फक्त एक सांगतो. १६० फुटांत पसारा परवडत नाही म्हणून तो होत नसे. मोठ्या घरात तो परवडतो.

हे काम करत कोण होतं?

जुन्या व्यवस्थेबद्दल बोलताना दोन गोष्टी लपवून चालणार नाहीत. पहिली, हे सगळं काम बायका करत होत्या. सारवण, घासणं, वाळवणं, अंथरुणं, मागचं आवरणं, सगळं. जिचं मागचं आवरून झालं नाही, ती बाई जेवून उठली असं कोणी म्हणत नसे. 'पूर्वी घरं किती नीटनेटकी असत' असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा ज्याला ती आवरावी लागली नाहीत असा असतो. मीही त्यातलाच. तेव्हा हे मला स्वतःलाच सांगणं आहे.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. आपल्या घरातून बाहेर गेलेली वस्तू कोणाच्या तरी वाट्याला यायची. गावगाड्यात जातीच्या उतरंडीनं ते ठरलेलं होतं. फाटकं, उष्टं, शिळं, टाकलेलं कोणी घ्यायचं, हे जन्मानं ठरत होतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितलं की उष्टंशिळं खाणं सोडा, स्वाभिमानानं राहा. चवदार तळ्याचं पाणी आपण लक्षात ठेवतो. त्याच परिषदेतलं हे सांगणंही लक्षात ठेवायला हवं. म्हणून 'जुनं कोणालातरी देऊन टाकू' हे वाक्य सहज उच्चारताना जरा थांबावं. आपण देतोय की टाकतोय? फाटका, मळका कपडा 'गरिबांना दिला' म्हणून पुण्य लागत नाही. त्यानं आपलं कपाट रिकामं होतं, एवढंच.

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी आपली संघटना बांधली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. पुढे त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून ती महापालिकेसोबत दारोदारचा कचरा गोळा करण्याचं काम करू लागली. हे लोक आपल्या घरातल्या वस्तूंचे शेवटचे वाचक आहेत, असं मी म्हणतो. कागद वेगळा, काच वेगळी, पत्रा वेगळा. आपण एका पिशवीत कोंबलेलं ते हातानं निवडतात. आपण घरातच निवडलं, तर त्यांचे हात वाचतात.

मग आज काय करायचं?

आता इतिहासकारानं सल्ले देऊ नयेत, पण तुम्ही विचारणारच, म्हणून थोडक्यात सांगतो. यातलं बरंचसं आमच्या घरी करून पाहिलेलं आहे. सगळं जमलंय असं नाही.

एक. तिन्हीसांजेची वेळ परत आणायची. सातला म्हणा, साडेसातला म्हणा. घरातल्या प्रत्येकानं दहा मिनिटं फक्त पसारा उचलायचा. अडगळीला हात लावायचा नाही. कपाट उघडून बसायचं नाही. जमिनीवर, टेबलावर, ओट्यावर जे पसरलंय ते जागच्या जागी. प्रत्येकानं म्हणजे प्रत्येकानं. आमच्याकडे मी वर्तमानपत्रं आणि चहाचे कप उचलतो. पहिल्या महिन्यात रोज आठवण करून द्यावी लागली, तीही मलाच.

दोन. आठवड्यातून एकदा सारवण. शेण नको, पण जमिनीवरची प्रत्येक वस्तू उचलून फरशी पुसायची. चार आठवडे केलंत की जमिनीवर काय ठेवायचं नाही, ते आपोआप कळतं.

तीन. वर्षातून एकदा शाकारणी. मे महिन्यातला एक दिवस ठरवायचा. बाथरूमवरचा जो माळा असतो तो पूर्ण उतरवायचा. पूर्ण म्हणजे तळ दिसेपर्यंत. मग हवं ते परत चढवा, माझी हरकत नाही. सगळं परत चढवलंत तरी चालेल. पण काय आहे ते एकदा डोळ्यांखालून गेलं पाहिजे.

चार. प्रत्येक गोष्टीचं जाण्याचं दार आधी ठरवायचं. कागद कोणाकडे, कपडे कोणाकडे, बंद पडलेली विजेची उपकरणं कोणाकडे. नाव आणि वार लिहून फ्रीजवर लावा. बरीचशी अडगळ घरात राहते ती मायेपोटी नव्हे, तर 'हे आता द्यायचं कोणाला' या प्रश्नापोटी. आणि दिलेला कपडा धुतलेला, बटणं लावलेला असावा.

पाच. दुसऱ्याची वस्तू त्याच्या परवानगीशिवाय काढायची नाही. मग तो नवरा असो, सासू असो की सहा वर्षांचं मूल. आपण कोणाच्याही घरचे रँडसाहेब नाही.

आणि सहावी गोष्ट माझ्या धंद्याची. कागद आणि फोटो यांना वेगळा नियम. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करत फिरले, लोकांच्या माळ्यांवरची, कोठ्यांतली दप्तरं त्यांनी पाहिली. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड निघाला, पुढे एकूण २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. हे सगळं शक्य झालं, कारण कोणीतरी त्या आधी शे-दीडशे वर्षं कागद टाकले नव्हते. दिनकर केळकरांचं उदाहरण घ्या. लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, पानदानं, गंजिफा, पळ्या-पंचपात्र्या त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या. लोकांच्या दृष्टीनं ती अडगळच होती. १९७५ मध्ये त्यांनी तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला दिला. राजा केळकर संग्रहालयात गेलात तर लक्षात येईल, तिथली एकूण एक वस्तू कोणीतरी कधीतरी घराबाहेर काढलेली आहे. फक्त ती योग्य माणसाच्या हातात पडली.

याचा अर्थ सगळं साठवा असा नाही. जुन्या दप्तरातही सगळं नव्हतं. कागद निवडून, लावून, चौकोनी कापडात बांधत. त्याला रुमाल म्हणतात. रुमालात मावेल एवढंच. म्हणून माझी सूचना अशी. घरात एक रुमाल करा. एक पेटी, एक फाईल, काहीही. त्यात आजी-आजोबांची पत्रं, जुन्या हिशेबाची एखादी वही, जमिनीचे कागद, मोजके फोटो. फोटोच्या मागे पेन्सिलीनं नावं आणि साल लिहा, आज लिहा, कारण ओळखणारं माणूस उद्या असेलच असं नाही. आणि मोडीतलं किंवा न वाचता येणारं काही निघालं, तर रद्दीत घालण्याआधी एखाद्या जाणकाराला, एखाद्या संशोधन संस्थेला दाखवा. त्यांनी 'काही नाही यात' म्हटलं तर खुशाल टाका. निदान कोणीतरी वाचून टाकलं, एवढं समाधान राहील.

शेवटी एक प्रश्न आला होता, चिठ्ठीवर. 'तुमच्या घरी आता अडगळ नाही का?' आहे. आईचे ते ६३ डबे. सात ठेवले, बाकीचे आमच्या गल्लीत कचरा नेणाऱ्या ताई घेऊन गेल्या. त्या म्हणाल्या, इतके स्वच्छ डबे आम्हाला कोणी देत नाही. हे ऐकायला आई असायला हवी होती. ठेवलेल्या सातांपैकी एकात तिच्या हाताच्या पाककृतींच्या चिठ्ठ्या आहेत, वाणसामानाच्या जुन्या याद्यांच्या पाठीवर लिहिलेल्या. पुढच्या बाजूला तूरडाळीचा भाव आहे, मागे पुरणपोळी. माझा अभ्यास चालू आहे.